एडनच्या मार्थाबाई

आमच्या शुक्रवार पेठेतल्या बोळात मार्थाबाईंच्या खिडकीत एक घड्याळ होतं आणि ते कायम अडीच तास मागं असायचं. बिघडलेलं नव्हतं. रोज सकाळची प्रार्थना झाली की मार्थाबाई त्याला नेमानं किल्ली द्यायच्या, पदरानं पुसायच्या आणि तोंड बोळाकडे करून ठेवायच्या. त्या घड्याळात एडनची वेळ लावलेली होती. बोळात नव्यानं राहायला आलेला माणूस त्याच्यावर विसंबला की त्याची गाडी तरी चुकायची, नाहीतर कचेरी तरी. जुन्या माणसांना सवय झाली होती. भाजीवालीसुद्धा खिडकीकडे बघून मनातल्या मनात अडीच तास मिळवायची आणि पाटी उचलायची. माझ्या सासूबाईंना मात्र तो हिशेब कधी जमला नाही. त्या म्हणायच्या, बाईच्या संगतीनं घड्याळ बी बाटलं.

कामाचं घड्याळ वेगळं होतं. ते छातीशी पोलक्याला टाचलेलं असायचं आणि त्यात सोलापूरची वेळ बिनचूक. मार्थाबाई मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या आणि बाळंतपणाच्या कामात वेळेला फार महत्त्व, असं त्या सांगत. उंच, सावळ्या, काटकुळ्या. बारीक काठाचं पांढरं लुगडं, पायांत कॅनव्हासचे बूट, हातात छत्री. बोळातल्या बायकांच्या मानानं त्या फार भरभर चालायच्या, आणि चालता चालता समोरून येणाऱ्याला 'सलाम' म्हणून पुढं जायच्या, त्यामुळं सलामाचा जबाब नेहमी त्यांच्या पाठीला मिळायचा.

त्यांचं मराठी पुस्तकातल्यासारखं होतं. लहानपणापासून त्या मिशनच्या बोर्डिंगात वाढल्या होत्या आणि मडमांकडून मराठी शिकल्या होत्या. मडमा पुस्तकातून शिकलेल्या, त्यामुळं मार्थाबाई 'मला' न म्हणता 'मजला' म्हणायच्या, 'म्हणून' न म्हणता 'यास्तव'. दारावर आलेल्या तेलिणीला त्या 'तुमचे तेल मजला रुचले नाही' असं सांगायच्या, तेव्हा तेलीण जरा घाबरायची.

एडनला त्या गेल्या होत्या एका महिन्यासाठी. जाण्यायेण्याचे बोटीवरचे दिवस धरले तर जास्त, पण ते दिवस त्या धरायच्याच नाहीत. त्यांना बोट इतकी लागली होती, की जाताना त्यांनी ही बोट लवकर पोचू दे अशी प्रार्थना केली आणि दोन दिवसांनी ती बुडाली तरी चालेल अशी केली. 'प्रभूने पहिलीच ऐकली,' असं त्या म्हणायच्या, आणि त्यात थोडी कुरकुर असायची.

झालं होतं असं. त्यांच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंची एक मैत्रीण एडनला मिशनचा लहानसा दवाखाना चालवायची. तिथली नर्स आजारी पडून विलायतेला परत गेली. दुसरी यायला महिना लागणार होता. तेवढ्यापुरतं कोणी जाईल का, म्हणून डॉक्टरीणबाईंनी आपल्या सगळ्या नर्सांना विचारलं. कुणाला नवरा होता, कुणाला तान्हं मूल, कुणाची सासू परवानगी देणार नव्हती. मार्थाबाईंनी हात वर केला. का केला, असं मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, 'मजला कोणास विचारावयाचे नव्हते, यास्तव.'

तो महिना संपून कितीतरी वर्षं झाली होती, पण मार्थाबाईंच्या लेखी तो कालच संपला होता. सोलापूरच्या उन्हाळ्याबद्दल त्यांच्यापुढं कोणी ब्र काढायची सोय नव्हती. आम्ही पदरानं वारा घेत ओट्यावर बसलो की त्या म्हणायच्या, हे ऊन कसले, एडनात दगड फुटतो. पाणी उशिरा आलं की एडनात पाणी उंटावरून येते. कुणाचं पोर हट्ट करायला लागलं की एडनातल्या मुली पाच वर्षांच्या असतानाच शेळ्या राखतात. आणि दुपारी हातातलं काम थांबवून मधेच खिडकीतल्या घड्याळाकडे बघायच्या आणि सांगायच्या, आता तिथं दवाखान्याची दारं उघडली असतील, बायका सावलीला बसल्या असतील.

त्यांच्या गोष्टी ठरलेल्या होत्या. एक उंटाची. पाणी घेऊन आलेल्या उंटानं, दवाखान्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या त्यांच्या छत्रीचं कापड खाल्लं. उंटवाल्यानं क्षमा मागितली आणि काड्या परत दिल्या. एक पलटणीतल्या शिपायाची. तो साताऱ्याकडचा होता. रस्त्यात लुगडं नेसलेली बाई बघून आधी तो ताठ उभा राहिला, सलाम ठोकला आणि मग हळूच म्हणाला, 'ताई, भाकरी हाय का?' ज्वारी तिथं कुठली. मार्थाबाईंनी मिळेल त्या पिठाची थापून दिली. ती उंटाच्या पावलासारखी झाली, असं त्या स्वतःच सांगायच्या. तरी तो शिपाई ती खाऊन रडला, आणि पुढच्या रविवारी आणखी चौघांना घेऊन आला. एक म्हातारीची. ती रोज दवाखान्यात यायची, रांगेत बसायची, नंबर आला की मार्थाबाईंचा हात हातात घेऊन तळवा निरखायची, आणि उठून जायची. तिला काही होत नव्हतं. औषध देऊ केलं तर तिला राग यायचा.

रोज सकाळी दवाखाना उघडण्याआधी तिथं उपासना व्हायची. मडम अरबीतून वाचायची, आणि समोर बसलेल्या बायका आपसांत बोलायच्या. मग मार्थाबाई सोलापुरातून नेलेले टाळ काढून मराठी भजन म्हणायच्या. शब्द कुणाला कळत नसत, पण टाळ आवडायचे. संपलं की बायका बोट वर करून आणखी एकदा म्हणायला लावायच्या. आमच्या ह्यांनी एकदा गमतीनं विचारलं होतं, की त्या महिन्यात किती माणसं ख्रिस्ती झाली. मार्थाबाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, 'एकही नाही. परंतु डोळे पुष्कळांचे उघडले.' आणि हे जरा गंभीर झाले, तेव्हा पुढं म्हणाल्या, 'तिथे धूळ फार. आम्ही औषधाचे थेंब घालत होतो.'

आमचे हे कलेक्टर कचेरीत कारकून. माणूस स्वभावानं मवाळ, पण सरकारी बाबतीत चूक सहन व्हायची नाही. एकदा ओट्यावर मार्थाबाई 'मी परदेशी होते तेव्हा' असं म्हणाल्या आणि ह्यांनी पान लावता लावता सांगून टाकलं, की एडन म्हणजे काही परदेश नव्हे. एडन मुंबई इलाख्यात येतं. आपला गव्हर्नर तोच त्यांचा गव्हर्नर. सरकारच्या दृष्टीनं सोलापूर जिल्हा आणि एडन भाऊभाऊ.

मार्थाबाईंनी छत्री उचलली आणि आपल्या घरी गेल्या. त्यानंतर बरेच दिवस त्या ह्यांना सलाम करायच्या, पण थांबून जबाब घ्यायच्या. आणि तो त्यांच्या रागाचा कळस होता. शेवटी ह्यांनीच माघार घेतली. समुद्र ओलांडला म्हणजे परदेश, असं आमच्या दाराशी उभं राहून मान्य केलं. मार्थाबाईंनी ते ऐकून घेतलं, पण ह्यांच्या मनात इलाखा अजून तसाच आहे, हे त्यांना कळत होतं.

अरबीतले त्यांना चार-पाचच शब्द येत होते, पण ते त्या मोकळ्या हातानं वापरायच्या. 'शुवय्या शुवय्या' म्हणजे हळू, सावकाश. 'मालेश' म्हणजे असू दे, काही हरकत नाही. दूध उतू गेलं, मालेश. बोळात कुणाच्या मुलीचं लग्न मोडलं, मालेश. माझ्या पहिल्या खेपेला मी आकांत केला तेव्हा माझ्या कपाळावरून हात फिरवत त्या सारखं 'शुवय्या शुवय्या' म्हणत होत्या, आणि मला वाटलं होतं की ह्या मला कुणा शुवय्या नावाच्या बाईची गोष्ट सांगताहेत.

समोर नरसय्या म्हणून तेलुगू विणकर राहायचा. घरातच माग. दिवसभर त्याची खटखट चालायची, ती बंद पडली की बोळाला चुकल्यासारखं व्हायचं. एका दुपारी ती बंद पडली. त्याच्या बायकोला, लक्ष्मव्वाला, दिवस भरले होते आणि मूल आडवं आलं होतं. तिची सासू नवस बोलून बोलून थकली, तेव्हा नरसय्या मार्थाबाईंना बोलवायला धावला. तिन्हीसांजेला मूल झालं, पण रडेना. मार्थाबाईंनी त्याला उलटं धरलं, चोळलं, गार-गरम पाण्यात बुडवलं. बऱ्याच वेळानं ते रडलं. मार्थाबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं आणि त्या त्याला छातीशी धरून 'मालेश, मालेश' म्हणत हलवत राहिल्या.

नरसय्याच्या आईनं ते ऐकलं. तेलुगू माणसांत मल्लेश हे देवाचं नाव. ख्रिस्ताची बाई, आणि ऐन वेळेला तिच्या तोंडून मल्लिकार्जुनाचं नाव आलं, म्हणजे हे मूल देवानंच राखलं. बारशाला त्याचं नाव मल्लेश ठेवलं. मार्थाबाई दुसऱ्याच दिवशी मला बरोबर घेऊन समजावायला गेल्या. हा शब्द अरबी आहे, त्याचा अर्थ हा असा, आणि तो मी एडनात शिकले, असं त्यांनी पुस्तकी मराठीत सविस्तर सांगितलं. नरसय्यानं हात जोडून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, भाषा कंची बी असू दे बाई, देव एकच. घरी परत येताना मी त्यांना विचारलं, पटलं का त्यांना? त्या म्हणाल्या, 'मालेश.'

आता माझ्या सासूबाईंबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळं झालं.

सासूबाई वेळापूरच्या. त्यांचे वडील तिथल्या महादेवाच्या देवळात गुरव होते. लग्न होऊन त्या सोलापुरात आल्या त्याला जन्म लोटला, तरी सोलापूर त्यांना पसंत पडलं नव्हतं. पाणी वेळापूरचं, चिंच वेळापूरची, दगड कोरावा तर वेळापुरात. नवी पेठेतून ह्यांनी हौसेनं लुगडं आणलं की त्या काठ चाचपून म्हणायच्या, बरं हाय, पर आमच्या वेळापूरच्या बाजारात याच्यापरीस दाट मिळायचं. तेव्हा एका बाजूला वेळापूर आणि दुसऱ्या बाजूला एडन, असा आमचा ओटा होता. मार्थाबाई म्हणायच्या, एडनात पुरातन काळी डोंगर खोदून केलेले पाण्याचे हौद आहेत. सासूबाई घरातूनच म्हणायच्या, पानी हाय का त्यात? मार्थाबाईंना खोटं बोलता यायचं नाही. त्या म्हणायच्या, नाही, सध्या कोरडे आहेत. सासूबाई म्हणायच्या, मग आमची हीर बरी.

एरवी सासूबाई त्यांच्याशी फारसं बोलत नसत. सोवळं कडक. माझी बाळंतपणं मार्थाबाईंनी केली, पण त्या गेल्या की खोली शेणानं सारवायची, आणि वेळ पडली तर सासूबाई दुसऱ्यांदा आंघोळ करायच्या. मार्थाबाईंना हे ठाऊक होतं. त्या निघताना आपणहून सांगायच्या, आजीबाई, मी आता जाते, तुम्ही पाणी तापवावे.

मग एक दिवस हे कचेरीतून जरा लवकर आले आणि घरी न येता थेट मार्थाबाईंच्या दाराशी गेले. एडन मुंबई इलाख्यातून निघालं होतं. कारभार आता परस्पर दिल्लीकडे, असा हुकूम झाल्याची बातमी कचेरीत आली होती. ह्यांनी टोपी सारखी करून सांगितलं, की आता निदान मुंबई इलाख्यापुरतं तरी तुमचं म्हणणं खरं. मार्थाबाईंनी ह्यांना पुन्हा एकदा सांगायला लावलं. संध्याकाळी त्यांनी पेढे आणून साऱ्या बोळात वाटले. बऱ्याच जणांना कशाचे पेढे ते कळलं नाही. कुणाला वाटलं पगार वाढला, कुणाला वाटलं उशिरानं का होईना लग्न ठरलं. सासूबाईंनी आपला पेढा उंबऱ्यावर ठेवून घेतला. मी गाईला घालायला उचलायला गेले तर तो नव्हता. सासूबाई तोंड पुसत म्हणाल्या, पेढा हलवायाचा हाय, तिचा न्हाय.

त्याच साली थंडीत सासूबाई न्हाणीत घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरनं पायाला वजन बांधून दिलं आणि हलायचं नाही म्हणून बजावलं. नुसतं निजून राहायचं. पण कूस बदलायला हवी, पाठ पुसायला हवी, बाकीचं सगळं अंथरुणातच. मला तेव्हा सहावा महिना होता आणि त्यांचं अंग जड. पहिल्या दिवशी मी आणि ह्यांनी मिळून त्यांना उचलायचा प्रयत्न केला तर त्या अशा ओरडल्या की समोरचा माग थांबला. आम्ही दोघं घामाघूम होऊन बघत राहिलो. तेवढ्यात मार्थाबाई आत आल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. त्यांनी बूट दाराशी काढले, हात धुतले, 'शुवय्या' म्हणाल्या आणि काय केलं कोण जाणे, सासूबाई कुशीवर झाल्या होत्या.

सासूबाईंचं तोंड भिंतीकडे झालं होतं. मग त्या भिंतीलाच म्हणाल्या, की अंथरुणाला काय सोवळं नसतं. हा नियम त्यांनी त्याच क्षणी केला होता, पण त्या अशा सुरात बोलल्या, की वेळापूरच्या देवळात तो दगडावर कोरलेला असावा.

त्यानंतर रोज दवाखान्यातून आल्या की मार्थाबाई आमच्याकडे यायच्या. अंग पुसायच्या, वेणी घालायच्या, आणि मग जरा वेळ पायापाशी बसायच्या. मी आत चुलीपाशी असायचे, मधल्या दारातून सगळं ऐकू यायचं. सुरुवातीला भांडणच असायचं. वेळापूरची चिंच निघाली की एडनचा उंट निघायचा. पुढं पुढं त्या दोघी पाळीपाळीनं बोलायला लागल्या. एकीचं झालं की दुसरी. सासूबाईंनी उंटाची गोष्ट तर दोनदा सांगायला लावली, आणि त्यांना छत्रीपेक्षा उंटवाल्याचं जास्त कौतुक वाटलं. काड्या परत दिल्या म्हंजी मानूस इमानी, असं त्या म्हणाल्या. आमच्या घरात म्हातारं माणूस अंथरुणावर होतं आणि रोज दुपारी हसू ऐकू यायचं.

अशाच एका दुपारी सासूबाई आपल्या माहेराबद्दल बोलत होत्या. भाऊ कसे होते, पाऊस लांबला की वडील देवळात बसून कसे राहायचे, चिंचेखाली कोण कोण खेळायचं. बोलता बोलता त्यांनी सहज विचारलं, 'तुजं माहेर कुटलं गं?'

मार्थाबाई पायाखालची उशी सारखी करत राहिल्या. सासूबाईंना वाटलं, ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं.

मग मार्थाबाई बोलल्या. मोठ्या दुष्काळात त्या तीन-चार वर्षांच्या असतील. कोणीतरी त्यांना मिशनच्या आवारात आणून सोडलं. कुणी सोडलं, कुठल्या गावाहून आणलं, हे विचारायला पुढं कोणी उरलं नाही. नाव काय होतं तेही माहीत नाही. मार्था हे मडमेनं ठेवलेलं. त्यांना एवढंच आठवत होतं, की त्या कुणाच्या तरी खांद्यावर बसल्या आहेत आणि पडू नये म्हणून त्या माणसाचे केस त्यांनी मुठीत धरले आहेत. डोक्याला मुंडासं नव्हतं. तो बाप होता, की चुलता, की वाटेतला कोणी, ते त्यांना सांगता येत नव्हतं.

मी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

मार्थाबाई म्हणाल्या, इथं कोणीही भेटलं की विचारतं, तुम्ही कुठल्या? मी सोलापूर म्हटलं की भागत नाही. पुढं विचारतात, तसं नव्हे, मूळच्या कुठल्या, कोणापैकी. तिथं मी थांबते. मग समोरचा माणूसही थांबतो आणि मजकडे पाहतो. एडनला पहिल्या दिवशी दवाखान्यात बायकांनी हेच विचारलं. तिथला कंपाउंडर गोव्याकडचा होता, त्यानं मजला समजावून सांगितलं, की तुम्ही कुठून आलात असं त्या विचारतात. मी भीत भीत म्हटलं, सोलापूर.

'त्या बायकांस प म्हणता येत नाही,' मार्थाबाई म्हणाल्या. 'त्या म्हणाल्या, सोलाबूर. मग त्यांनी मागे बसलेल्यांस सांगितले, सोलाबूर. पुढे कोणी काहीच विचारले नाही, आजीबाई. त्यांचे समाधान झाले. महिनाभर मजला त्या त्याच नावाने हाक मारीत होत्या. दारातून आत येतानाच म्हणत, या सोलाबूर, म्हणजे अगे सोलाबूर. मी ओ देत असे.'

इतकंच सांगून त्या उठल्या, सासूबाईंच्या पायाचं वजन तपासलं आणि नेहमीसारख्या भरभर निघून गेल्या. सासूबाई आढ्याकडे बघत पडल्या होत्या. मी दूध घेऊन गेले तेव्हा त्यांनी मला विचारलं, इथल्या इथं राहून बाईमानसाला गाव मिळत न्हाय, ह्ये कसं?

उन्हाळा सरता सरता सासूबाई काठी घेऊन चालायला लागल्या. आणि पहिली गोष्ट त्यांनी काय केली, तर वेळापूरला जायचं काढलं. भाच्याच्या पोराचं जावळ होतं. मला पाच आठवड्यांचं तान्हं होतं, तरी मी बरोबर हवी. आणि सोबतीला मार्थाबाई हव्यात. पाय मधेच दुखला तर बघायला कोणी नको का, असं त्या म्हणाल्या. पण पाय दुखत असल्याचं महिनाभरात त्यांनी एकदाही सांगितलं नव्हतं. मार्थाबाईंनी पुष्कळ आढेवेढे घेतले. खेड्यात, गुरवाच्या घरी, मंगल कार्याला मी कशी येणार, तिथं लोकांना अडचण होईल, असं त्या परोपरीनं सांगत होत्या. सासूबाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, 'एडनला गेलीस की न्हाय? मग वेळापूर काय लांब हाय का?'

सर्व्हिस मोटारीनं आम्ही गेलो. धुळीनं सगळे पांढरे झालो होतो. मोटार गावाबाहेर थांबली आणि तिथून घरापर्यंत उन्हातनं चालत जावं लागलं. सासूबाई पुढं, काठी टेकत, दिसेल त्याला हाका मारत. मार्थाबाई सगळ्यांच्या मागं. एरवी त्या किती भरभर चालायच्या, पण त्या दिवशी त्या माझ्याही मागं राहत होत्या.

घराच्या सोप्यावर बायका जमल्या होत्या. सासूबाईंची धाकटी भावजय पुढं आली, पाया पडली, माझ्या मुलीला घेतलं. मग तिची नजर दाराशी उभ्या असलेल्या मार्थाबाईंवर गेली. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, पायांत बूट. भावजयीनं विचारलं, ह्या कोण?

सासूबाई खांबाला धरून खाली बसत होत्या. त्या म्हणाल्या, 'मार्था. आमच्या शेजारची. सोलापूरची हाय.'

भावजय जरा घुटमळली. वाईट बाई नव्हती ती, पण विचारायचं ते विचारणारच. ती म्हणाली, 'व्हय, पर मूळच्या कुटल्या?'

मी मार्थाबाईंकडे बघितलं. त्यांनी छत्री दोन्ही हातांत धरली होती आणि त्या खाली बघत होत्या.

'सोलापूरची म्हनलं की,' सासूबाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. 'पानी आन तिला. उनातनं आलीया.'

भावजयीनं एकदा नणंदेच्या तोंडाकडे बघितलं आणि ती आत गेली. घरातल्याच तांब्या-पितळेच्या भांड्यांतला एक तांब्या आणि फुलपात्र घेऊन बाहेर आली आणि मार्थाबाईंपुढं धरलं. मार्थाबाईंनी बूट काढले, सोप्याच्या कडेला टेकल्या आणि फुलपात्र हातात घेतलं. पण त्या तशाच थांबल्या. परक्या घरी पाणी वरून प्यायचं, तोंड लावायचं नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यांनी मान मागं टाकली आणि फुलपात्र तोंडापासून उंच धरलं.

सासूबाईंना ते दिसलं. त्या म्हणाल्या, 'पी की तोंड लावून. पडंल अंगावर.'

मार्थाबाईंनी फुलपात्र ओठाला लावलं. एवढ्या उन्हातून चालून आलेलं माणूस एका दमात पाणी संपवतं. त्या ते घोटाघोटानं प्याल्या, अगदी सावकाश, आणि तेवढा वेळ भावजय तांब्या घेऊन त्यांच्याजवळ उभी होती.